डावऱ्या हाताची धार

बनशंकरी वस्तीतल्या घरात गाडीसाठी शेड बांधली होती, पण तिथे गाडी कधी उभी राहिली नाही. तिथे अण्णांचं बाक होतं आणि बाकामागच्या भिंतीवर त्यांची हत्यारं. सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये उभा जन्म काढलेल्या इंजिनियरला यंत्रांचा एवढा तिटकारा कसा, असं कुणी विचारलं की अण्णा, म्हणजे मधुकरराव, म्हणत, "यंत्र कुणाचंही ऐकतं. बटण दाबणाऱ्या माकडाचंसुद्धा." मग समोरच्याकडे असं बघत, की माकड कोण ते त्याला कळावं.

करवती, पटाश्या, गिरमिटं, मोगऱ्या. काही चिकपेटच्या रविवारच्या बाजारातून घासाघीस करून आणलेली. येलहंक्याच्या एका सुताराच्या मागे त्याच्या मुलांनी लाकूड तासायचा वाकस भंगारात काढला होता, तो अण्णांनी त्या मुलांना त्यांच्याच दारात शिव्या घालत विकत घेतला. पण निम्म्याहून जास्त हत्यारं त्यांनी स्वतः केलेली. बोम्मसंद्र्याहून झिजलेल्या कानशी आणायच्या, परसात कोळशावर लाल करायच्या, ठोकून पातं काढायचं, पाणी द्यायचं. पाणी जास्त झालं तर पातं काचेसारखं तुटतं, कमी झालं तर वाकतं. सगळ्यांत वर, एकट्याच्या फळीवर, शिसवी रंधा होता. लाकूड त्यांनी तासलेलं, पातं त्यांनी ठोकलेलं, पाचरसुद्धा त्यांचीच. मागची मूठ त्यांच्या उजव्या तळव्याच्या मापाने कोरलेली. दुसऱ्या कुणी धरली तर हाताला ती कुठे ना कुठे टोचे.

सुखदाला, त्यांच्या मुलीला, तो रंधा हवा होता. बाकी भिंत कुणालाही गेली असती तरी तिला चाललं असतं. मागितला तर नाही म्हणतील, हे ठाऊक असल्यामुळे तिने तो कधी मागितला नव्हता. त्यांनी आपण होऊन द्यावा, एवढंच तिला हवं होतं.

ती डावरी होती. लहानपणी एकदा तिने हट्टाने रंधा हातात घेतला, तेव्हा अण्णांनी खिशातला रुमाल काढून तिचा डावा हात बाकाच्या पायाला बांधला आणि म्हणाले, "आता चालव." एका हाताने रंधा चालत नाही. ती रडेपर्यंत ते उभे राहिले, मग गाठ सोडून रुमालाची घडी घातली. "डावरा माणूस धार लावतो ती एका अंगाला कलते. दोष तुझा नाही. पण शेडमध्ये यायचं नाही." सुखदाची आई विद्याताई स्वयंपाकघरातून हे सगळं बघत होती. जेवताना तिने सुखदाला तूप जास्त वाढलं आणि विषय संपला.

पुढे सुखदा शाळेत गणित शिकवू लागली. आईच्या आजारपणात ती या घरात परत राहायला आली ती आईनंतरही राहिली. सकाळची शाळा, दुपारी घर. शेडमध्ये जायचं नाही हा नियम कुणी उठवला नव्हता, पण झाडायला तर जावंच लागे. झाडता झाडता माणूस बघतो. धारेच्या दगडावर तेलाचे किती थेंब, पातं किती कलवायचं, मागच्या बाजूला उलटलेली कड अंगठ्याला कशी लागते, मग चामड्याच्या पट्ट्यावर किती फिरवायचं. स्वयंपाकघरातली विळी आणि सुऱ्या तिने डाव्या हाताने त्याच पद्धतीने घासून पाहिल्या. टोमॅटो नुसता टेकवला तरी कापला जाऊ लागला. अण्णा एकदा म्हणाले, "विळी कुठल्या दुकानात दिली होतीस? बरी लावलीय." तिने सांगितलं नाही.

मग अण्णांच्या हातांना कंप सुटला. विचित्र कंप होता. रंधा रेटताना अंगाचा जोर लागे, तेव्हा हात गप्प राही. पण दगडावर पातं एका कोनात धरायचं म्हटलं की बोटं नाचायला लागत. सकाळी ते तासभर धार लावत आणि ती धार करवतीच्या दातांसारखी वरखाली होई. लाकडावर रंधा अडखळे, खरखरे. त्या दिवसांत ते जेवताना बोलत नसत. एका दुपारी ते झोपल्यावर सुखदा शेडमध्ये गेली, पाचर सैल केली, पातं काढलं, दगडाच्या ज्या बाजूला त्यांचा हात चाले तिच्या उलट बाजूला बसली आणि धार नव्याने लावली.

दुसऱ्या दिवशी सागाच्या फळीवरून छिलका निघाला तो टोकापर्यंत अखंड, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. अण्णांनी तो उजेडात धरला. नाश्त्याला येऊन म्हणाले, "हात परत येतोय."

"बरं झालं की," सुखदा म्हणाली आणि उप्पीट वाढलं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. सकाळी ते धार बिघडवत, दुपारी ती लावे, दुसऱ्या सकाळी ते रंधा चालवत. आपण त्यांना काहीतरी देतो आहोत आणि त्यांना ते कळत नाही, याचं तिला सुख होतं. कुणाला सांगता येणार नाही असं.

शनिवारी मुलं येऊ लागली ती त्याच सुमारास. पुण्यामुंबईहून इथे आयटीत नोकरीला आलेली, बाल्कनीत बाक टाकून सुतारकाम शिकणारी. इंटरनेटवर कुणीतरी अण्णांच्या भिंतीचा फोटो टाकला होता. अण्णा प्रत्येकाच्या हातात एक बोथट पटाशी देत आणि दगडाकडे बोट दाखवत. ध्रुव नावाचा एक मुलगा अर्धा तास घासत बसला. अण्णांनी ती पटाशी त्याच्याच मनगटावर फिरवली आणि वाकून पाहिलं.

"केस तसाच आहे रे. घाबरलासुद्धा नाही."

सगळे हसले. ध्रुवही हसला.

"ही घेऊन जा. पावाला लोणी लावायला होईल."

ध्रुव परत आला नाही. मुग्धा नावाच्या मुलीला ते म्हणाले, "तू काय करतेस? टेस्टिंग? म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढतेस. मग इथे स्वतःच्या कशाला करतेस, तेच बरं आहे की." तीही परत आली नाही. टिकला तो आशय. कोथरूडचा मुलगा, अंगाने किरकोळ, बोलायला कमी. अपमान झाला की तो "सॉरी काका" म्हणून तेच काम परत करायला घेई. अण्णांना तो आवडला.

"याचा हात सरळ आहे," ते सुखदाला ऐकू जाईल असं म्हणाले.

"ताई, तुम्ही पण करता का वुडवर्किंग?" कॉफीचा पेला घेताना आशयने विचारलं.

"ती?" उत्तर अण्णांनी दिलं. "ती भूमिती शिकवते. फळ्यावर खडूने रेघ बरी येते तिची. खडूपर्यंत ठीक आहे."

त्याच दिवशी त्यांनी आशयच्या हातात पहिल्यांदा शिसवी रंधा दिला. आशयने एक हात मारला आणि थांबला. छिलका त्याच्या मनगटाभोवती गुंडाळत आला होता. "काका, काय धार आहे ही! या वयात! सीरियसली!"

"वयाचा काय संबंध? हात लागतो," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी सुखदाकडे पाहिलं. ती खाली बघून रिकामे पेले गोळा करत होती. हसू आवरायला तिला बरं पडलं.

घरात त्या दिवसाला खंडेनवमी म्हणत, गल्लीत आयुधपूजा. सकाळपासून रस्त्यात स्कूटर आणि गाड्या धुऊन, हार घालून उभ्या होत्या. चौकात फोडलेल्या कोहळ्यांचा कुंकवाने लाल झालेला गर पडला होता. पूजा झाली का, असं समोरचे नरसिंह फाटकाशी थांबून कानडीत ओरडले, "पूजे आयता सर?" अण्णा म्हणाले, "स्वल्प बाकी आहे."

या घरची रीत अशी, की हत्यारं आदल्या दिवशी धार लावून पांढऱ्या कापडावर मांडायची. पूजेच्या दिवशी त्यांना काम नाही. आणि हत्याराला गंध लावायचं ते ज्याच्या हातात ते चालतं त्यानेच. आजवर अण्णा एकटेच लावत आले होते. सुखदाने आठवडाभर रोज दुपारी बसून भिंतीवरची एकूण एक हत्यारं घासली होती. तिने ठरवून काही मनात धरलं नव्हतं. पण अंघोळ झाल्यावर तिने आईची हिरवी साडी नेसली. ती साडी ती एरवी कपाटातून काढत नसे.

आशयला बोलावलं होतं. तो झब्बा घालून आला, सोबत मिठाईचा डबा. अण्णांनी गंधाची वाटी उचलली. बोटं वाटीच्या कडेवर वाजायला लागली, गंध कापडावर सांडलं, तीन-चार पिवळे ओघळ करवतीकडे गेले. त्यांनी वाटी खाली ठेवली.

सुखदाने नारळ डाव्या हातात घेतला होता. तो तिने बाकावर ठेवला आणि हात पदराला पुसले.

"आशय, ये इकडे," अण्णा म्हणाले. "तू लाव."

"मी? काका, ताई आहेत ना..."

"तुला सांगतोय."

आशयने सुखदाकडे पाहिलं. तिने मान डोलावली. तो एकेका हत्याराला बोट टेकवत गेला, नवीन घरात शिरल्यासारखा दबकत. शेवटी रंधा राहिला. "पात्याला लाव. लाकडाला नको," अण्णा म्हणाले. आशयने पाचर काढली आणि पातं बाहेर घेतलं. हातात पातं आलं की आधी काटकोन बघायचा, हे अण्णांनीच त्याला शिकवलेलं. जवळच गुण्या होता. त्याने सवयीने तो पात्याला लावून उजेडाकडे धरला. आणि कपाळाला आठी घातली.

"काका, एक विचारू? ही धार थोडी कलली आहे. डावीकडे." त्याने बाजूची पटाशी घेतली, मग दुसरी. "सगळ्याच तशा आहेत. तुम्ही लेफ्टी आहात का?"

"मी नाही," अण्णा म्हणाले. "ती."

गल्लीत कुणाचा तरी कोहळा फुटला आणि पोरं ओरडली.

"तुम्हाला कधी कळलं?" सुखदाने विचारलं. आवाज वर्गातल्यासारखा आला, शांत आणि जरा मोठा.

"पहिल्याच दिवशी. दगड बघ की एकदा. माझा खोलगा या अंगाला, तुझा त्या अंगाला. मधे वरंबा उभा राहिलाय. आंधळ्याच्या हातालाही लागेल."

ती थांबली. एवढं बोलल्यावर माणूस पुढे काहीतरी बोलतो. बोलणारच. तिला त्यांचे ओठ हलताना दिसले. ते वळले होते आशयकडे.

"म्हणून तर तुला देतोय. घरी नेऊन सरळ करून घे."

"पण काका, धार तर एक नंबर..."

"धार आहे. वाकडी आहे." त्यांनी बाकाच्या कडेला हात रोवला. "हत्यारं आज ने. रंधा मी गेल्यावर. सुखदा, नारळ फोड."

तिने नारळ उचलला.

"उजव्या हाताने," अण्णा म्हणाले.

उजव्या हाताने पहिला घाव निसटला, दुसराही. तिसऱ्या वेळी तडा गेला आणि पाणी हिरव्या साडीवर सांडलं. आशय मिठाईच्या डब्याची दोरी सोडवण्यात गढून गेला होता. ती सुटत नव्हती.

त्या दुपारी भिंत रिकामी झाली. खिळ्यांखाली हत्यारांच्या आकाराचे फिकट डाग राहिले. अण्णा झोपायला गेले. सुखदा जेवणाच्या टेबलाशी बसून राहिली आणि गेल्या दोन वर्षांतली वाक्यं तिला एकेक करून परत ऐकू आली. हात परत येतोय. वयाचा काय संबंध. खडूपर्यंत ठीक आहे. तेव्हा ती त्यांना नकळत बोललेली वाटली होती. ती सगळी त्यांनी जाणून म्हटली होती, तिच्या तोंडावर, तिच्याच धारेचा छिलका हातात धरून. रोज दुपारी ते आत पडून दगडावरचा आवाज ऐकत असतील. झोप लागायला तो बरा पडत असेल.

ती शेडमध्ये गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही.

चार दिवसांत रंध्याखालून छिलक्याऐवजी भुगा यायला लागला. मग फळीचे तुकडे उखडू लागले. एक दिवस शाळेतून आली तर जेवणाच्या टेबलावर, तिच्या चष्म्याशेजारी, रंध्याचं पातं ठेवलेलं. जवळ तेलाची बाटली, घडी घातलेलं फडकं. सगळं नीट, ऑपरेशनच्या आधी मांडतात तसं. आयुष्यात त्यांनी तिच्याकडे काही मागितलं असेल तर ते हेच.

तिने पातं उचललं आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. मग ताटं मांडली.

"अण्णा, इथे जेवायचं असतं."

त्यांनी भात कालवला. चमच्यातून आमटी निम्मी परत वाटीत पडली.

"धार गेलीय," ते म्हणाले.

"हो का? आशयला फोन लावू?"

"तो दिवाळीला पुण्याला गेलाय."

"मग येऊ दे त्याला. वाकडी धार कशाला घेता? तुमचा हात सरळ आहे, तुम्हीच लावा."

"माज आलाय तुला."

"असेल. भात वाढू?"

टेबलावरचा त्यांचा हात ताटाच्या कडेला लागून टकटक वाजत होता. त्यांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी तो उचलून टेबलाखाली नेला, मांडीवर दाबून धरला. सुखदाला ते दिसलं आणि बरं वाटलं. ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं.

नंतर त्यांनी मागितलं नाही. रोज स्वतः धार लावत. बोथट रंध्याला दुप्पट जोर लागतो. ते अंगावर घेऊन रेटत, धापा टाकत. आवाज घरभर येई, लाकूड ओरबाडल्याचा. वह्या तपासताना तिला तो ऐकू येई, आणि ती पुढची वही उघडे. दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी आवाज मधेच थांबला. रंधा गाठीत अडकून जागीच राहिला होता आणि सगळा जोर पुढे गेला होता. ते बाकावरून सरकून फरशीवर पडले होते. खुबा मोडला होता. "ओरडू नकोस," ते म्हणाले. ती ओरडली नव्हती.

दवाखान्यात ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला. झोपेत त्यांचे हात चादरीवर मागेपुढे होत, एका कोनात, दगडावर चालल्यासारखे. नर्स म्हणाली, अशा पेशंटचं होतं असं. एका दुपारी ते जागे होते. सुखदाने सूप भरवायला चमचा उचलला. त्यांनी हात पुढे केला, खूप वेळ लागला त्याला, आणि तिच्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्या हातात दिला. बोटं नाचत होती, निम्मं सूप चादरीवर गेलं. मग त्यांनी तोंड उघडलं.

तिने उजव्या हाताने भरवलं. ते शेवटचं.

तेराव्यानंतर आशय आला. बराच वेळ बूट काढत दारातच उभा राहिला. सुखदाने रंधा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. "उघडून बघून घे," ती म्हणाली.

त्याने पातं काढलं आणि खिडकीशी नेलं. कड वरखाली होती, मधे दोन ठिकाणी खाचा पडलेल्या.

"ताई, हे काय झालं? ही धार..."

"ही त्यांची आहे. पूर्ण त्यांचीच. मी हात लावलेला नाही."

आशयला कळलं असावं. त्याचे कान लाल झाले. "ताई, तुम्हीच ठेवा ना हा. मला नको. खरंच. त्या दिवशी मी नसतं विचारलं तर..."

"मला दिलेला नाही तो."

"कोण विचारणार आहे आता?"

"सरळ करून घे," सुखदा म्हणाली. "खाचा जाईपर्यंत घास. बरंच पोलाद जाईल."

त्याने कागद परत गुंडाळला. जाताना, फाटकात, त्याने घुटमळत विचारलं, "आणि दगड? काका म्हणाले होते दगडही..."

"दगड घरात लागतो. सुऱ्यांना."

तो गेल्यावर ती विळी घेऊन शेडमध्ये गेली. भिंतीवर खिळे, बाकावर तिने न झाडलेला भुगा. दगडाच्या डाव्या अंगाला तिचा खोलगा होता, गुळगुळीत. ती दुसऱ्या बाजूला बसली. दोन थेंब तेल सोडलं, विळी उजव्या हातात धरली आणि पातं त्यांच्या खोलग्यात टेकवलं. ते बसेना. डुगडुगायला लागलं. तिने कोन बदलला, मनगट वळवलं, जवळ सरकून बसली. तरी ते कुठेतरी टेकायचं आणि कुठेतरी नाही. ती घासत राहिली, तेल काळं होईपर्यंत.

विळी आता नीट चिरत नाही. ती तीच वापरते.